रिकामे भांडे परत करू नये

गर्दी आणि सोबत या दोन गोष्टी एक नव्हेत. हे ज्यास पटवून घ्यावयाचे असेल त्याने एखाद्या सायंकाळी मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर घटकाभर उभे राहावे. खांद्याला खांदा घासत शेकडो माणसे एका डब्यात शिरतात, एकाच्या हातातील वर्तमानपत्र दुसरा वाचतो, एकाचा श्वास दुसऱ्याच्या मानेवर पडतो; आणि तरीही घरी गेल्यावर 'आज दिवस कसा गेला?' असे विचारणारे कोणी नाही, अशी माणसे त्या गर्दीत किती असतील याची मोजदाद कोण करणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो असे म्हटले आहे. आकडे आपणांस चकित करतात. पण मनाला हात घालण्याचे काम एखादी गोष्टच करू जाणे. अशी एक गोष्ट 'द लंचबॉक्स' या चित्रपटात सांगितलेली आहे, आणि तिच्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

रितेश बत्रा या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट. मे २०१३ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो प्रथम दाखविला गेला व तेथे त्याने प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळविला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. भारत, फ्रान्स, जर्मनी अशा निरनिराळ्या देशांतील निर्मात्यांनी हातभार लावून तो उभा केला. त्यात नायक-नायिका बागेत गात नाहीत, खलनायक नाही, मारामारी नाही. बत्रा यांना आरंभी मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट करावयाचा होता. परंतु त्यांच्यासोबत हिंडताना डबे पाठविणाऱ्या घरांच्या हकिकती त्यांच्या कानी येऊ लागल्या, आणि माहितीपट बाजूस राहून ही गोष्ट जन्मास आली. तिच्यातील प्रमुख भूमिका करणारे इरफान खान २९ एप्रिल २०२० रोजी निवर्तले. अधिक न बोलता पुष्कळ सांगणारा तो नट होता, याची साक्ष हा चित्रपट देत राहील.

आपल्या वाचकांना या चित्रपटाविषयी दुहेरी आपलेपणा वाटावा. गोष्ट ज्या डब्याभोवती फिरते तो डबा वाहणारी माणसे मराठी, मावळ-मुळशी-जुन्नरकडची. आणि तो डबा ज्यांच्या टेबलावर येऊन पडतो ते गृहस्थ कॅथोलिक, बांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. त्यांचे नाव साजन फर्नांडिस. बांद्र्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत 'साजन' हे नाव कोठे सापडेल की नाही याची आम्हांस शंकाच आहे. परंतु लेखकाला एवढी मुभा असावी.

डबेवाल्यांची ही संस्था मोठी अजब. १८९० साली महादेव हवाजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसे हाताशी धरून तिचा पाया घातला. १९५६ साली तिला विश्वस्त मंडळाचे रीतसर रूप आले. घरोघरचे डबे सकाळी गोळा व्हायचे, सायकलीवरून स्थानकावर यायचे, झाकणावरील रंग, आकडे व अक्षरे पाहून निवडले जायचे, लोकलने शहरात उतरायचे, आणि दुपारच्या जेवणाच्या आत ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचायचे. मग त्याच वाटेने रिकामे डबे संध्याकाळच्या आत घरी परत. एकेक डबा अनेकांच्या हातून जाई, पण चुकत नसे. २००३ साली इंग्लंडचे तत्कालीन युवराज चार्ल्स या मंडळींना भेटून गेले; २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२० च्या टाळेबंदीने या धंद्याचे कंबरडे मोडले आणि कितीतरी जण गावी परतले, हेही येथे नमूद केले पाहिजे. चित्रपटात डबा चुकीच्या ठिकाणी जातो अशी तक्रार नायिका करते, तेव्हा डबेवाला ती मुळी ऐकूनच घेत नाही. इंग्लंडचा राजा येऊन पाहून गेला, हार्वर्डवाले येऊन गेले, आणि तुम्ही म्हणता चूक झाली! त्या ताठ्याचे हसू येते आणि कौतुकही वाटते. पण चूक झालेली असते खरी, आणि त्या एका चुकीवर ही सारी गोष्ट उभी आहे.

इला ही एक तरुण गृहिणी. तिला शाळेत जाणारी लहान मुलगी आहे, नोकरीत गुंतलेला नवरा आहे, टापटिपीचे घर आहे. नवरा वाईट वागत नाही. शिवी देत नाही, हात उगारत नाही. तो तिच्याकडे पाहत नाही, इतकेच. हातातील फोनकडे तो पाहतो, दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे पाहतो. बायको समोरून गेली तर भिंतीवरून सावली सरकावी तशी. पोटाच्या वाटेने तरी याच्या मनात शिरावे म्हणून ती एक दिवस जीव ओतून स्वयंपाक करते. डबा परत येतो तो चाटूनपुसून स्वच्छ. तिला कोण आनंद होतो! पण संध्याकाळी नवरा म्हणतो की आज बटाटा-फ्लॉवरची भाजी बरी होती. फ्लॉवर तिने केलेलाच नव्हता. दुसऱ्याचा डबा आपण खाल्ला हे नवऱ्याच्या ध्यानीमनीही नाही. आम्हांस विचाराल तर साऱ्या चित्रपटातील सर्वांत कठोर वाक्य हेच. ज्या घरात बायकोच्या हातची चव आणि खाणावळीची चव यांतील भेद नवऱ्याच्या जिभेला कळेनासा झाला, त्या घरातील एकाकीपणाचे आणखी वर्णन ते काय करावयाचे!

तिने रांधलेला डबा गेलेला असतो फर्नांडिस यांच्याकडे. एका सरकारी कचेरीच्या दावे-विभागात पस्तीस वर्षे हिशेब तपासून आता ते मुदतीआधीच निवृत्त होणार आहेत. पत्नी वारली आहे. रोजचा डबा खाणावळीतून यावयाचा, रात्री घरी येऊन एकट्याने जेवावयाचे, मग गॅलरीत उभे राहून सिगारेट ओढीत समोरच्या घरात एकत्र जेवायला बसलेले कुटुंब न्याहाळावयाचे. त्या घरातील लहान मुलगी त्यांना पाहते आणि खिडकी लावून घेते. घरासमोर पोरे चेंडू खेळतात, तर हे त्यांच्यावर डाफरतात. जगाने खिडकी लावली म्हणून यांनी दार लावले, की यांनी दार लावले म्हणून जगाने खिडकी लावली, हे सांगणे कठीण. एकाकी माणसाविषयी आपण नेहमी एक गैरसमज करून घेतो: तो बिचारा असतो, गरीब असतो, प्रेमळ असतो. वस्तुतः बहुधा तो खाष्ट असतो. आपुलकीच्या अभावाने माणूस आंबट होतो, आणि आंबट माणसाच्या वाटेस कोणी जात नाही. असा हा फेरा आहे.

त्या पहिल्या दिवशी फर्नांडिस खाणावळीत जाऊन मालकाची वाखाणणी करून येतात, आणि मालकही ती आनंदाने पदरात पाडून घेतो! दुसऱ्या दिवशी इला डब्यात एक चिठ्ठी घालते: डबा संपविल्याबद्दल आभार. तिला उत्तर येते ते असे, की आज जेवणात मीठ जास्त झाले होते.

या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. आभाराला आभाराने उत्तर द्यावे ही सभ्य रीत. हा गृहस्थ तक्रार करतो! इला खट्टू होते आणि वरच्या मजल्यावरील मावशींच्या सल्ल्याने दुसऱ्या दिवशी तिखट अंमळ सढळ हाताने घालते. परंतु तक्रार करण्यास माणूस लागतो. खाणावळीच्या जेवणाविषयी कोणी चिठ्ठी लिहीत नाही. कारण ती चिठ्ठी वाचणारे तेथे कोणी नसते. कित्येक वर्षांत प्रथमच फर्नांडिस यांना आपल्या जिभेला काय वाटले ते कोणाला तरी सांगावेसे वाटले, आणि उद्याच्या डब्यात त्याचे उत्तर येईल असा भरवसा वाटला. आमच्या धर्मग्रामात निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आहेत. दर गुरुवारी त्या अंथरुणास खिळलेल्या एका म्हातारीकडे पेजेचा डबा नेतात. त्या आम्हांस हसत सांगत होत्या, "तिला पेज नको असते हो. पेजेला नावे ठेवायची असतात. कधी मीठ कमी, कधी पातळ झाली, कधी तांदूळच जुना नाही." आणि ती नावे ऐकण्यासाठी बाई न चुकता जातात. आजाऱ्याला अन्न पुष्कळ जण पोचवतात. त्याची तक्रार बसून ऐकणारे थोडे.

आपल्याकडील जुन्या बायकांचा एक नियम असे. शेजारणीने वाटीभर काही पाठविले, तर ती वाटी धुऊन तशीच परत करावयाची नाही. घरात दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी तिच्यात घालावयाची. नाताळात नेवऱ्यांची व दोदोलाची ताटे जाळीच्या रुमालाखाली झाकून घरोघर फिरतात, त्यांनाही हाच नियम. या चालीत केवळ शिष्टाचार नाही. घेणाऱ्याने आपल्यालाही देता येते हे दाखवावे, आणि देणाऱ्याला आपला जिन्नस मुक्कामी पोचल्याची खूण मिळावी, असा दुहेरी अर्थ तिच्यात आहे. फर्नांडिस यांच्या कपाटात साखर असेल नसेल. त्यांनी रिकाम्या डब्यात कागदाचा कपटा घातला. त्या कपट्यावर पुढे काय काय उतरले! पत्नीला हसविणाऱ्या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेच्या फिती तिच्या मागे आपण रात्र रात्र कशा पाहिल्या, ते उतरले. दफनभूमीत जागा घेण्यास गेलो तर आडवी जागा उरली नाही, उभी देऊ म्हणाले. जन्मभर गाडीत आणि बसमध्ये उभा राहिलो, आता मेल्यावरही उभेच राहावयाचे, अशी कडवट थट्टा उतरली. इलानेही आपले घर, आपल्या वडिलांचा आजार, नवऱ्याच्या कपड्यांना येणारा परका वास, हे सारे लिहिले. एक दिवस फर्नांडिस यांच्या कानी बातमी येते की कोणा बाईने मुलीसह गच्चीवरून उडी घेतली. ती इला तर नसेल? दुपारी डबा येईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. ज्या माणसाची वाट पाहणारे जगात कोणी नव्हते, तो आता स्वतः कोणाची तरी वाट पाहू लागला. एकाकीपणा सुटू लागल्याचे पहिले लक्षण हेच, असे आम्हांस वाटते.

या गोष्टीत आणखी दोन पात्रे आहेत व ती आम्हांस मुख्य पात्रांइतकीच मोलाची वाटतात. एक म्हणजे वरच्या मजल्यावरील देशपांडे मावशी. त्या पडद्यावर कधी दिसतच नाहीत. ऐकू येतो तो केवळ त्यांचा आवाज, आणि तो भारती आचरेकर यांचा आहे. खिडकीतून टोपली खाली सुटते, तिच्यात मसाला असतो. फोडणीचा वास वर जातो, आणि वरून 'आता पुरे' असा हुकूम येतो. या बाईचा नवरा पंधरा वर्षे बेशुद्धावस्थेत पडून आहे. डोळे उघडले की छताच्या पंख्याकडे पाहत राहतो. पंखा थांबला तर त्याचे प्राणही थांबतील या भीतीने त्या फिरता पंखाच पुसतात. ज्या बाईने स्वतःच्या दुःखाचे गाऱ्हाणे गात बसावे, तिनेच खालच्या मजल्यावरील पोरीला धीर द्यावा, यास आपल्या भाषेत शेजारधर्म असा सुंदर शब्द आहे. धर्म हा शब्द तेथे उगाच जोडलेला नाही. चांगल्या शोमरोनीचा दाखला सांगताना प्रभूने शेजारी कोण, याचे जे उत्तर दिले, ते या बाईला कोणी शिकविले नसेल. तिने ते टोपलीतून खाली सोडले.

दुसरा शेख. फर्नांडिस यांच्या जागी नेमलेला हा उमेदवार. तो अनाथ, आपले नावही त्याने आपणच ठेवले. लाघट, बडबड्या, थोडा खोटेपणाही करणारा. लोकलमध्ये कचेरीच्या फायलीवर भाजी चिरतो आणि 'माझी आई म्हणते' असे म्हणून सुभाषिते सांगतो. आई कोठली? पण 'आई म्हणते' म्हटले की बोलण्याला वजन येते, असा त्याचा खुलासा! फर्नांडिस आरंभी त्याला दारात उभा करीत नाहीत. पण इलाच्या डब्यातील अन्नाने त्यांचे मन जसजसे मऊ होते, तसतसे ते त्या डब्यातील घास शेखपुढे सरकवू लागतात. पुढे शेखच्या हिशेबातील चुका साहेबांसमोर ते आपल्या अंगावर घेतात, आणि त्याच्या लग्नात वरपक्षाकडून उभा राहणारा एकटा माणूस म्हणजे फर्नांडिस. एका स्त्रीने नवऱ्यासाठी केलेला स्वयंपाक एका विधुराच्या पोटात गेला आणि त्यातून एका अनाथाला वडील मिळाले. ममतेचा हिशेब असा आहे. तो कोणत्याही दावे-विभागाच्या वहीत बसणारा नव्हे.

येथे आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील, 'हे सारे ठीक. परंतु विवाहित स्त्रीने परक्या पुरुषाशी असा पत्रव्यवहार करावा, हे आपल्या साप्ताहिकाने उचलून धरावे काय?' प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस शोभणार नाही. विवाह हा आपल्या श्रद्धेनुसार संस्कार आहे. दुखावलेल्या मनाला बाहेर सापडलेला विसावा हा त्या संस्काराला पर्याय होऊ शकत नाही. आणि दिग्दर्शकानेही हे प्रकरण हलक्या हाताने हाताळलेले नाही. दोघे एका उपाहारगृहात भेटावयाचे ठरवितात. त्या सकाळी फर्नांडिस यांना स्नानगृहात आपल्या आजोबांच्या अंगाचा वास आल्यासारखे वाटते; तो वास आपलाच, हे त्यांच्या ध्यानात येते. गाडीत एक तरुण त्यांना 'अंकल' म्हणून बसावयास जागा देतो. ते उपाहारगृहात जातात, दुरून त्या वाट पाहणाऱ्या तरुण स्त्रीला पाहतात, आणि न बोलता परततात. दुसऱ्या दिवशी डबा येतो. एकामागून एक पुडे ते उघडतात, आणि सारे पुडे रिकामे. या एका दृश्यात जेवढा राग आणि जेवढे दुःख आहे, तेवढे दहा पानी पत्रात मावणार नाही. पाठविणारीनेच भांडे रिकामे पाठविले! तेव्हा ते तिला सारे खरे लिहितात आणि आपले म्हातारपण कबूल करतात. घेता आले असते ते त्यांनी घेतले नाही. या माघारीत आम्हांस भ्याडपणाहून मर्यादा अधिक दिसली.

इला पुढे दागिने विकून मुलीसह भूतानला जाण्याचा बेत करते. फर्नांडिस नाशिकची गाडी धरतात आणि परत फिरतात. शेवटी ते डबेवाल्यांच्या मेळ्यात, ज्ञानोबा-तुकारामांच्या गजरात, तिचे घर शोधीत निघालेले दिसतात. ती दोघे भेटली की नाही हे चित्रपट सांगत नाही. कित्येकांना हा शेवट अपुरा वाटतो. आम्हांस वाटते, या गोष्टीचा धडा शेवटात शोधूच नये; तो आरंभात आहे. घरातील माणसाने पहिल्या दिवशी डबा उघडून 'आज चव निराळी आहे, तूच केलेस ना?' एवढे विचारले असते, तर पुढील गोष्टच घडली नसती. परक्याच्या चिठ्ठीला दोष देण्यापूर्वी आपल्या टेबलावरील मौनाचा हिशेब करणे हे प्रत्येक ख्रिस्ती पतीचे आणि पत्नीचेही कर्तव्य आहे.

इलाच्या आईचे एक दृश्य विसरणे शक्य नाही. दीर्घ आजारानंतर इलाचे वडील वारतात. घरात प्रेत आहे, आणि आई लेकीस सांगते की तिला फार भूक लागली आहे. वर्षानुवर्षे नाश्ता, औषध, आंघोळ, पुन्हा जेवण, पुन्हा औषध. प्रेम केव्हाच आटून गेले होते, किळस तेवढी उरली होती. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ती बाई दुष्ट नाही. तिची सेवा सर्वांनी पाहिली, तिची भूक कोणी विचारली नाही. आपल्याकडे आजाऱ्याचा समाचार घ्यावयास माणसे येतात, खाटेजवळ बसतात, प्रार्थना म्हणतात आणि उठतात. स्वयंपाकघराच्या दाराशी पदराला हात पुसत उभ्या असलेल्या बाईला 'तुम्ही जेवलात का?' असे विचारणारा पाहुणा आम्ही क्वचितच पाहिला आहे.

चुकून आलेल्या डब्याचा विचार करताना आम्हांस पवित्र शास्त्रातील एका प्रसंगाची आठवण झाली. दानिएलच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तो आहे. आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये तो वाचावयास मिळतो. दानिएल बाबेल नगरीत सिंहांच्या गुहेत टाकलेला. सात सिंह, सहा दिवस. इकडे यहूदिया देशात हबक्कूक संदेष्ट्याने कालवण शिजविले, भाकर कुस्करून वाडग्यात घातली, आणि तो ते शेतात कापणी करणाऱ्यांसाठी घेऊन निघाला. वाटेत देवदूताने त्याला अडविले: हे जेवण बाबेलमध्ये दानिएलला नेऊन दे. हबक्कूक म्हणाला की मी बाबेल पाहिलेले नाही आणि ती गुहाही मला ठाऊक नाही. तेव्हा देवदूताने त्याला शेंडीला धरून उचलले आणि वाडग्यासह गुहेच्या तोंडाशी ठेवले. दानिएलने अन्न पाहिले आणि देवाने आपली आठवण ठेवली म्हणून त्याचे आभार मानले. रोममध्ये सांता मारिया देल पोपोलो या मंदिरात बेर्निनी या शिल्पकाराने सतराव्या शतकात घडविलेली दानिएल आणि हबक्कूक यांची शिल्पे एकाच प्रार्थनालयात समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभी आहेत. कापणीवाल्यांच्या नावाचा तो डबा चुकीच्या ठिकाणी गेला, असे शेतातले लोक म्हणाले असतील. गुहेतल्या माणसाला तो बरोबर पत्त्यावर आला होता.

हबक्कूकाने रांधले एकासाठी, देवाने नेले दुसऱ्याकडे. पण त्याने मुळात रांधलेलेच नसते तर देवदूताने काय उचलून नेले असते? आपणांकडे अशी एक सबब नेहमी तयार असते: कोणाला खरी गरज आहे हे आम्हांस कसे कळावे? कळण्याची आवश्यकता नाही. चूल पेटलेली असावी आणि दार उघडे असावे. पत्ता देवदूत पाहून घेईल.

आता एक बोचणारी गोष्ट. फर्नांडिस राहतात त्या बांद्र्यात जुनी नामवंत चर्चे आहेत, माउंट मेरीचे तीर्थक्षेत्र आहे, सप्टेंबरच्या सणाला लाखोंची रीघ लागते. आणि या कॅथोलिक विधुराच्या गोष्टीत त्याचे दार ठोठावणारा कोणी धर्मबंधू नाही. त्याच्याकडे पोचतो तो एका हिंदू गृहिणीचा डबा आणि एका मुसलमान अनाथाचा हात. दिग्दर्शकाने हे टीका म्हणून केले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण ही रिकामी जागा पाहून आपण अस्वस्थ व्हावे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या रोग्याने प्रभूस सांगितलेले दुःख रोगाचे नव्हते. पाण्यात उतरविणारे माझे कोणी माणूस नाही, हे होते. तेथेही गर्दीच होती.

आपल्या गावांतून, मग ते बेळगाव असो, बडोदे असो वा इंदूर, मुले पुण्याला, बंगळूरला, आखातात, त्याहूनही दूर गेलेली आहेत. घरे मोठी आहेत आणि चूल एका माणसापुरती पेटते. रविवारी मिस्सा संपली की जो तो आपल्या वाहनाकडे धावतो; तेव्हा सूचनाफलकासमोर एखादे वृद्ध गृहस्थ उभे दिसतात. फलकावरील सूचना मागील रविवारचीच असते व त्यांना ती पाठ असते. कोणी 'काय म्हणता?' असे विचारील म्हणून ते अंगण रिकामे होईपर्यंत वाचत राहतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिवस म्हणून नेमून दिला. तो दिवस उत्साहाने साजरा करावा, फुले द्यावीत. परंतु फुलाला उत्तर लिहिता येत नाही. डबा बरा, डबा परत न्यावयास पुन्हा यावे लागते.

म्हणून आमची विनंती फार मोठी नाही. घरात जे शिजेल त्यातील एक वाटी आठवड्यातून एकदा उंबऱ्याबाहेर जावी. ती नेताना घाई नसावी. मीठ जास्त झाले असे कोणी म्हटले तर ते प्रसाद म्हणून ऐकावे. आपल्या घरी मात्र रोज रात्री ताटावर बसल्यावर, जिने हे रांधले तिच्याकडे एकदा मान वर करून पाहावे. आणि ज्या वृद्धाला, ज्या विधुराला, ज्या विधवेला वाटते की आपल्याकडून कोणास देण्यासारखे काही उरले नाही, त्यांनी निदान धुतलेल्या वाटीत चिमूटभर साखर घालावी, किंवा एक कपटा. तो कोण केव्हा उघडून वाचील, हे प्रभू जाणतो.